आधुनिक गाडीत नवी बॅटरी बसवणं आणि ती रजिस्टर करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरी बदलायची म्हणजे दहा नंबरचा पाना, दोन टर्मिनल आणि एक क्लॅम्प, असं एकेकाळी खरंच होतं. आता नवी बॅटरी जागेवर घट्ट बसली तरी काम अर्धंच झालेलं असू शकतं. जुनी गेली, नवी आली आणि ती अमुक प्रकारची आहे, हे गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं. हे सांगायचं राहून गेल्याने चांगल्या बॅटऱ्या वेळेआधी गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातली एक माझ्याच गाडीत होती.

बॅटरी रजिस्टर करणं म्हणजे नेमकं काय? वॉरंटीची नोंद का?

नाही, वॉरंटी कार्डाशी किंवा कुठल्याही कागदपत्राशी याचा संबंध नाही. ही नोंद गाडीच्या आत होते.

बॉनेट उघडून निगेटिव्ह टर्मिनलकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे काड्यापेटीएवढी काळी डबी बसवलेली दिसेल आणि तिच्यातून एखाद-दुसरी बारीक वायर निघालेली असेल. हा बॅटरी सेन्सर. बॅटरीत किती करंट जातो, किती बाहेर येतो, व्होल्टेज किती आणि तापमान किती, हे तो सतत मोजत असतो. गाडी बंद असतानाही त्याचं काम थांबत नाही. त्या आकड्यांवरून गाडी ठरवते की बॅटरी किती भरलेली आहे आणि तिच्यात किती दम उरला आहे.

मुद्दा असा की गाडीला बॅटरी दिसत नाही. तिच्याकडे असतो तो फक्त हिशेब. तीन-चार वर्षं चाललेल्या बॅटरीच्या खात्यात ‘हिची ताकद आता कमी झाली आहे’ असं साठत गेलेलं असतं, आणि चार्जिंगही त्या बेताने चालू असतं. तुम्ही नवी बॅटरी ठेवलीत तरी खातं जुन्याच बॅटरीचं राहतं. रजिस्टर करणं म्हणजे ते खातं बंद करून नवं उघडणं.

माझ्या गाडीला हे लागतं का?

स्टार्ट-स्टॉप असेल, म्हणजे सिग्नलला गाडी आपोआप बंद होऊन क्लच किंवा ब्रेकवर पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा लागतं. निगेटिव्हला वर सांगितलेली डबी असेल तरी शक्यता मोठी आहे. बीएमडब्ल्यू आणि मिनीमध्ये ही पद्धत २००० नंतरच्या दशकापासून आहे. आउडी, फोक्सवॅगन, स्कोडा यांच्या ज्या मॉडेलांत एनर्जी मॅनेजमेंट आहे तिथे, तसंच फोर्ड, जॅग्वार आणि लँड रोव्हरच्या बऱ्याच गाड्यांतही नवी बॅटरी नोंदवावी लागते किंवा जुना हिशेब रिसेट करावा लागतो.

सेन्सर आहे म्हणून नोंद लागतेच असं मात्र नाही. काही गाड्या रात्रभर शांत उभ्या राहिल्या की बॅटरीचं स्थिर व्होल्टेज वाचून स्वतःच अंदाज दुरुस्त करतात. साध्या, स्टार्ट-स्टॉप नसलेल्या गाड्यांना तर काहीच सांगावं लागत नाही. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. त्यात बॅटरीच्या पानावर ‘बदलल्यावर अधिकृत वर्कशॉपमध्ये नोंद करून घ्या’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर ते गंभीरपणे घ्या.

नाही केलं तर काय बिघडतं? गाडी तर मस्त चालते.

पहिल्या आठवड्यात काहीच बिघडत नाही. म्हणूनच अनेकांना हा वर्कशॉपचा पैसे काढण्याचा मार्ग वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं.

माझ्या गाडीत मुळात ९० एएचची (एएच हे साठ्याचं माप) एजीएम, म्हणजे स्टार्ट-स्टॉपचा मार झेलणारी बॅटरी होती, डिकीत, फरशीखाली. ती गेली तेव्हा एका वर्कशॉपने ८० एएचची साधी बॅटरी बसवून दिली. ‘चालते हो, सगळे हीच टाकतात,’ असं सांगितलं. रजिस्टर करण्याचा विषयच निघाला नाही. काही महिने खरंच चांगले गेले. मग स्टार्ट-स्टॉप बंद पडलं. मग इंजिन बंद करून पाच मिनिटं गाणी ऐकली की बॅटरी उतरल्याचा मेसेज येऊ लागला. एका सकाळी सेल्फ मारला तर नुसती टिकटिक.

दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. गाडीच्या लेखी आत अजून ९० एएचची एजीएमच होती, आणि तीही म्हातारी. म्हणजे जी बॅटरी तिथे नव्हतीच, तिच्या हिशेबाने चार्जिंग चाललं होतं. आणि स्टार्ट-स्टॉपच्या सततच्या उतर-चढीसाठी जी बनलेलीच नाही, ती बॅटरी हा मार खात होती. त्याने ती बाहेर काढली तेव्हा दिसलं की वायू बाहेर नेणारी रबरी नळी बॅटरीला जोडलेलीच नव्हती, बाजूला नुसती पडून होती. ट्रेखालच्या पत्र्याचा रंग फुगून सुटला होता. बोटाने दाबलं तर खाली गंज. बॅटरी बदलता येते, पण तो पत्रा मला घासून, रंगवून घ्यावा लागला.

त्याच प्रकारची, तेवढ्याच क्षमतेची बॅटरी टाकून फक्त नोंद राहिली असेल तर नुकसान एवढं मोठं नसतं. स्टार्ट-स्टॉप विनाकारण बंद राहतं, गाडी लवकर काटकसर सुरू करून सीट हीटर किंवा मागच्या काचेचा हीटर तोडते, आणि नव्या बॅटरीला तिच्या वयाला साजेसं चार्जिंग मिळत नाही. प्रकार किंवा क्षमता बदललेली असताना नोंद टाळणं हा खरा धोका.

रजिस्टर करणं आणि कोडिंग करणं एकच का?

नाही, आणि इथे वर्कशॉपवालेही गोंधळतात. रजिस्टर करणं म्हणजे ‘नवी बॅटरी आली’ एवढंच सांगणं. कोडिंग म्हणजे ‘ती इतक्या क्षमतेची आणि अमुक प्रकारची आहे’ हे सांगणं. जशीच्या तशी बॅटरी टाकली तर पहिलं पुरतं. ८० ची ९० केली किंवा साधीची एजीएम केली तर आधी कोडिंग, मग रजिस्टर.

फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत दोन्ही एकत्रच होतं. तिथे बॅटरीचा पार्ट नंबर, बनवणाऱ्याचा कोड, सीरियल नंबर आणि क्षमता भरायची असते. सीरियल नंबर बदललेला दिसला की गाडी बॅटरी नवी असल्याचं धरते. त्यामुळे बसवण्याआधी लेबलचा फोटो काढून ठेवा. एकदा बॅटरी खोबणीत गेली की ते लेबल वाचायला मान वाकडी करावी लागते.

एजीएम, ईएफबी आणि साधी: कोणती घ्यायची?

कंपनीने जी दिली होती तीच किंवा तिच्या वरची, खालची कधीच नाही. या एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

तिन्ही शिसे-आम्ल प्रकारच्याच आहेत. साध्या बॅटरीत प्लेटा आम्लात बुडालेल्या असतात. ईएफबीही तशीच, पण तिच्या प्लेटांवरचा लेप जास्त टिकाऊ केलेला असतो, त्यामुळे ती वारंवार उतरणं-भरणं सोसते. एजीएममध्ये आम्ल काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं असतं. ती सांडत नाही, करंट जोरात देते-घेते आणि स्टार्ट-स्टॉपचा मार सगळ्यांत चांगला झेलते. मात्र उष्णता तिला मानवत नाही. बऱ्याच गाड्यांत ती डिकीत किंवा सीटखाली असते, त्याचं हेही एक कारण आहे.

म्हणून एजीएमच्या जागी एजीएमच. ईएफबीच्या जागी ईएफबी, किंवा गाडीत तसं कोडिंग करता येत असेल आणि जागा इंजिनला चिकटून नसेल तर एजीएम.

लेबलवरचे बाकीचे आकडे कसे वाचायचे?

एएच म्हणजे साठा. सीसीए म्हणजे कडाक्याच्या थंडीत एका दमात किती करंट देता येतो. ही चाचणी उणे १८ अंशांना घेतात. सीसीएपुढे ईएन आहे, एसएई आहे की डीआयएन, तेही पाहा. चाचणीच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे एकाच बॅटरीचा डीआयएन आकडा बराच लहान दिसतो. वर्कशॉपच्या टेस्टरवर चुकीचं मानक निवडलेलं असेल तर धडधाकट बॅटरीही ‘बदला’ म्हणून दाखवली जाते. त्यामुळे टेस्टरच्या स्क्रीनवर काय निवडलंय ते स्वतः बघा.

मापाचंही लक्ष ठेवा. युरोपीय मापाच्या बॅटऱ्या सहसा १७५ मिमी रुंद आणि १९० मिमी उंच असतात. लांबी २४२, २७८, ३१५ किंवा ३५३ मिमी. बॅटरी ट्रेमध्ये मावली पण खालचा क्लॅम्प तिची कड पकडत नसेल तर ती बॅटरी चालणार नाही, कारण हादऱ्यांनी प्लेटा आतून झडतात. पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला आहे तेही जुळलं पाहिजे, नाहीतर केबल ताणून बसवायची वेळ येते.

उत्पादनाची तारीख शोधा आणि दुकानातच मल्टिमीटर लावायला सांगा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती शेल्फवर उतरत पडलेली आहे. दुसरी मागा.

मोठ्या एएचची टाकली तर जास्त टिकेल का?

बसत असेल आणि कोडिंग करणार असाल तर जरूर टाका. कोडिंगशिवाय फायदा नाही, गाडी जुन्याच साठ्याचा हिशेब धरून चालते.

बॅटरी खरंच गेली आहे की नुसती उतरली आहे, कसं ओळखू?

गाडी काही तास बंद उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.८ असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीचा दम संपला. १०.५ च्या आसपासच अडकून राहत असेल तर आतल्या सहा सेलपैकी एक गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावर इलाज नाही.

इंजिन चालू असताना पूर्वी १३.८ ते १४.५ सरळ दिसायचं. आताच्या गाड्यांत ते आकडे वरखाली होतात. चढावर किंवा वेग घेताना गाडी ऑल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) भार कमी करते, तेव्हा १२.५ सुद्धा दिसतं. ब्रेक लावताना चार्जिंग जोरात होतं. ब्रेकची ऊर्जा साठवायला जागा राहावी म्हणून काही गाड्या बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले ऑल्टरनेटर बदलले गेले आहेत.

मी स्वतः बदलू शकतो का?

हात सरावलेले असतील तर हो. पण घाई नको.

गाडी बंद केल्यावर आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, वीसेक मिनिटं तरी द्या. बिनचावीची गाडी असेल तर चावी लांब ठेवा, नाहीतर तिच्या जवळ असण्यानेच गाडी जागी राहते. बॅटरी डिकीत असेल तर एक धोका लक्षात ठेवा: वीज तोडल्यावर डिकी चुकून बंद झाली आणि तिचं कुलूप विजेवर चालणारं असेल, तर ती उघडणं कठीण होऊन बसतं. मी कुलपाच्या तोंडाशी जाड कापड ठेवतो.

आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण साधं आहे. पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह सुटलेलं असेल तर पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी काही होत नाही. जोडलेलं असेल तर पाना लाल होईपर्यंत करंट वाहू शकतो. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा घाला.

निगेटिव्ह क्लॅम्प निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. तीच ती सेन्सरची डबी आहे, आणि ती अशा उचकटण्यानेच तुटते. नट पूर्ण सैल करून क्लॅम्प हाताने हलवत वर घ्या. घट्ट करतानाही जोर लावू नका, ५ ते ६ न्यूटन-मीटर बऱ्याच गाड्यांना पुरतात. हातोडीने ठोकून बसवणं तर अजिबात नको.

शेवटी ती रबरी नळी. बॅटरी प्रवासी बसतात त्या भागात किंवा डिकीत असेल तर वायू बाहेर नेणारी नळी जोडलीच पाहिजे. चार्जिंग जास्त झालं तर बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि तो बंद जागेत साठणं धोक्याचं आहे. नव्या बॅटरीला दोन्ही टोकांना भोकं असतील तर एकाला नळी लावा, दुसरं सोबत मिळालेल्या बुचाने बंद करा.

रजिस्टर करायला काय लागतं?

स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायच्या जागेला) लागणारं आणि तुमच्या गाडीची भाषा समजणारं उपकरण. दहा मिनिटांचं काम. स्वतः करायचं तर बीएमडब्ल्यूसाठी बिमरलिंक, फोक्सवॅगन गटासाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, फोर्डसाठी फोरस्कॅन ही नावं अनुभवी लोक घेतात. घेण्याआधी तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते बघा. फक्त एरर कोड वाचणाऱ्या साध्या स्कॅनरने हे होत नाही.

काम करताना इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवा. वर्कशॉपमध्ये करून घेत असाल तर शेजारी उभं राहून स्क्रीनवर कोणती क्षमता आणि प्रकार निवडला ते पाहा. ‘केलंय साहेब’ या शब्दांवर विसंबू नका.

बॅटरी काढल्यावर घड्याळ, काचा, रेडिओ सगळं विस्कटलं. दुरुस्त कसं करू?

बहुतेक गोष्टी दोन मिनिटांत परत येतात. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की एका झटक्यात वर-खाली होणं परत सुरू होतं. स्टीअरिंग किंवा स्किडचा दिवा लागला असेल तर स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, थोडं सरळ चालवा. आयडलिंग थोडं अस्थिर वाटलं तर एक-दोन दिवस द्या. जुन्या रेडिओला कोड लागतो, तो आधीच शोधून ठेवा.

हे टाळायला ओबीडीतून किंवा दुसऱ्या बॅटरीतून तात्पुरती वीज देणारी साधनं मिळतात. पण ती लावली की पॉझिटिव्ह केबलमध्ये वीज कायम असते, निगेटिव्ह काढलेलं असलं तरी. त्या केबलच्या टोकाला जाड रबर किंवा कापड गुंडाळल्याशिवाय काम करू नका.

रजिस्टर केलं, तरी स्टार्ट-स्टॉप चालत नाही.

एक-दोन रात्री थांबा. नव्या बॅटरीचा अंदाज घ्यायला गाडीला काही तास पूर्ण झोपेत जावं लागतं. शिवाय दुकानातून आलेली बॅटरी क्वचितच काठोकाठ भरलेली असते, तिला एक लांब फेरी द्या. चार-पाच दिवसांनीही फरक नसेल तर कोडिंग तपासा.

जंप स्टार्ट किंवा चार्जर कुठे लावू?

पॉझिटिव्ह त्याच्या ठरलेल्या जागी आणि निगेटिव्ह पत्र्यावरच्या अर्थिंगच्या बोल्टला. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला थेट लावलं तर करंट सेन्सरला वळसा घालून जातो. बॅटरी भरते, पण गाडीच्या खात्यात ते जमाच होत नाही.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीला १२ व्होल्टची बॅटरी कशाला?

मोठ्या बॅटरीचा स्विच जोडणारी, कुलपं आणि कॉम्प्युटर जागं करणारी तीच असते. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. ही बदलणं सहसा शक्य असतं, पण तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये नीट वाचा आणि नारिंगी केबलना हात लावू नका. त्या उच्च दाबाच्या असतात.

काही पेट्रोल-डिझेल गाड्यांत एक छोटी, दुसरी बॅटरीही असते. मोठी बदलूनही इशारा जात नसेल तर ती शोधा.

नवी बॅटरीही पंधरा दिवसांत उतरली. आता?

मग दोष बॅटरीचा नसावा. गाडी झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जाता कामा नये. तेवढ्यानेही दिवसाला १.२ एएच खर्च होतात, म्हणजे ६० एएचची बॅटरी पंचवीस दिवसांत निम्मी. नंतर बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, सॉकेटमध्ये विसरलेला डोंगल, बंद न होणारा डिकीचा दिवा, हे आधी तपासा. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर तेही पुरेसं कारण आहे. आठवड्यातून एकदा तासभर चालवा किंवा चांगला चार्जर लावा. अर्धवट उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे जमतात आणि ते नंतर पूर्ण विरघळत नाहीत.

वापरलेली गाडी घेतली. आधीच्या मालकाने बॅटरी रजिस्टर केली होती का, कळेल का?

बऱ्याच गाड्यांत कळतं. बीएमडब्ल्यूमध्ये तर शेवटच्या काही नोंदी किती किलोमीटरला झाल्या तेही साठवलेलं असतं. तो आकडा बॅटरीवरच्या उत्पादनाच्या तारखेशी ताडून पाहा.

नोंद नाही असं निघालं तर लगेच ‘नवी’ म्हणून रजिस्टर करू नका. बॅटरी दोन-तीन महिन्यांची असेल तर करा. पण ती दोन वर्षं वापरलेली असेल तर तिला नवी म्हणून नोंदवणं म्हणजे गाडीला पुन्हा चुकीचीच माहिती देणं. मग गाडी थकलेल्या बॅटरीकडून तरण्या बॅटरीचं काम मागेल. अशा वेळी प्रकार आणि क्षमता चुकलेली असेल तर तेवढी दुरुस्त करा, टेस्टरवर तिची ताकद पाहा, आणि रजिस्टर करणं पुढच्या नव्या बॅटरीसाठी ठेवा.